प्राध्यापिका किती, आणि कुठल्या पदावर?

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकावलात तर बायका भरपूर दिसतात. त्यामुळे महाविद्यालयांतल्या अध्यापिकांच्या स्थानावर बोलायला उभं राहिलं की लोक हमखास विचारतात, "मॅडम, आता कुठे राहिलाय हा प्रश्न?"

राहिलाय. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १६ लाख अध्यापक होते, त्यांत स्त्रिया ४३.४ टक्के. २०१४-१५ मध्ये १०० पुरुषांमागे ६३ स्त्रिया शिकवत होत्या, त्या आता ७७ झाल्या. मला याचा मनापासून आनंद आहे. पण पदवार आकडे बघा. ट्यूटर, डेमॉन्स्ट्रेटर या सगळ्यांत खालच्या पदांवर स्त्रिया पुरुषांहून जास्त. पुढे सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक असं वर चढत गेलं की त्या कमी होत जातात, आणि प्रोफेसरपदावर तर एक तृतीयांशही उरत नाहीत. आपल्या मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. मेहरू बेंगाली आणि डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू झाल्या, पण २००० नंतर पूर्णवेळ कुलगुरूपदी एकही स्त्री आलेली नाही.

गळती नेमकी कुठे होते? माझ्या मते पीएचडीपाशी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार पीएचडी असलेली सहायक प्राध्यापिका ४ वर्षांत पुढच्या स्तरावर जाते, नसलेलीला ६ वर्षं लागतात. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच. ही पदवी साधारण तिशीच्या आसपास करायची असते आणि मूलही त्याच वर्षांत होतं. नियमांनी हे ओळखलंय, नाही असं नाही. २०२२ च्या नियमांत स्त्रियांना पीएचडीसाठी २ वर्षं जादा आहेत, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. पण बढतीला पीएचडीबरोबर विद्यापीठाची कामंही बघितली जातात. घरी तान्हं मूल असताना शेवटचा तास संपवून विद्यापीठाच्या कालिन्याच्या आवारात अभ्यास मंडळाच्या, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या, बैठकीला जायचं आणि परत डोंबिवली गाठायची, हे कुठल्या नियमात बसत नाही. मग ती म्हणते, "यंदा माझं नाव नका घालू." असं दोन-तीनदा झालं की कुणी विचारतही नाही, आणि बढतीच्या वेळी या कामांचा रकाना मोकळा दिसतो.

हे झालं कायम नोकरीतल्यांचं. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींची स्थिती मला जास्त अस्वस्थ करते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. बाळंतपणाला घरी बसली की मानधन थांबतं, आणि पुढच्या जूनमध्ये तो वर्कलोड, म्हणजे तिच्या वाट्याचे तास, दुसऱ्या कुणाला दिलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं की कराराची मुदत संपली तरी प्रसूतिलाभ नाकारता येत नाही. संस्थाचालकांनी हा निकाल एकदा वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, ही तरतूद प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली आली. आपल्या परिसरातल्या किती महाविद्यालयांत ते आहे, तुम्हीच आठवून बघा.

माझी मागणी मोठी नाही. 'आमच्याकडे इतक्या टक्के महिला अध्यापक' असा एकच आकडा अहवालात छापू नका. कायम किती, तासिकेवर किती, सहयोगी किती, प्रोफेसर किती, विभागप्रमुख किती, हे वेगवेगळं लिहा. अभ्यास मंडळाच्या बैठका दुपारी घ्या, ऑनलाइन घ्या.

२०१४-१५ मध्ये देशात ४७,७१७ मुली पीएचडी करत होत्या, २०२१-२२ मध्ये ९८,६३६. त्या आता मुलाखतींना येऊ लागल्या आहेत. त्यांच्या हाती नेमणुकीचं पत्र पडणार की तासिकांचं वेळापत्रक, हे ठरवणाऱ्यांपैकी काही जण आज इथे समोर बसले आहेत. रिक्त जागांच्या जाहिराती लवकर निघतील हे कृपा करून बघा.