मुखडा कोणाचा?

मंडळी, 1997च्या पावसाळ्यात लालबागच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि माझा एक मित्र गणपतीच्या कॅसेटसाठी गाणं करत बसलो होतो. तो पेटीवर, मी वही घेऊन. रात्री साडेअकराच्या सुमाराला मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, सापडला. आम्ही दोघांनी तो वीसेक वेळा म्हटला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ओरडून गप्प केलं तेव्हा कुठे थांबलो. आठवड्याने कॅसेट काढणाऱ्याने एक पानभर इंग्रजी मजकूर पुढे केला. आम्ही न वाचता सह्या केल्या, एकरकमी मानधन घेतलं आणि परळला मिसळ खाल्ली.

पुढे ते गाणं मंडळांमध्ये वाजू लागलं. पैसे संपले होते, पण मांडवाजवळून जाताना छाती फुगायची. भांडण लागलं ते बऱ्याच वर्षांनी, मोबाईलवर गाणी ऐकायचा जमाना आल्यावर, जेव्हा या गाण्याचे थोडेबहुत पैसे येण्याची शक्यता दिसली. मित्राने गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा फॉर्म भरला : शब्द माझे, चाल पूर्ण त्याची. मी म्हटलं, "अरे, मुखडा मी गुणगुणलो होतो." तो म्हणाला, "तू शब्द म्हटलेस. चाल मी लावली." मी संस्थेला चालीतला निम्मा वाटा माझा म्हणून लिहून कळवला. टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली आणि रक्कम अडकून पडली. ती रक्कम केवढी होती? दोघांची मिळून एका महिन्याचा किराणा भरला असता. तेवढ्यापायी आम्ही अकरा वर्षं एकमेकांशी बोललो नाही.

आज मला कायद्याबद्दल बोलायचं आहे, पण ते या खोलीतून बोलायचं आहे. गाणं खोलीत होतं तेव्हा त्याचे कप्पे नसतात. कायद्याला मात्र कप्पे लागतात.

आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात गाणं नावाची एक वस्तू नाही. शब्द ही वेगळी कृती, संगीत ही वेगळी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्दांचा कर्ता गीतकार, चालीचा कर्ता संगीतकार, ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता. संगीताच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळले आहेत. म्हणून तुकोबांच्या अभंगाला तुम्ही आज नवी चाल लावलीत, तर शब्द सगळ्यांचे आणि चाल तुमची. राग, ताल, ठेका कोणाच्याही मालकीचे नाहीत. कोळीवाड्यात आजीपासून चालत आलेली चाल आपल्या नावावर नोंदवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आता मी ज्या गोष्टीपाशी कायम अडखळतो ती सांगतो. 1994च्या दुरुस्तीपर्यंत या कायद्यात 'संगीत' म्हणजे छापलेलं, लिहिलेलं किंवा चिन्हांत उतरवलेलं संगीत. कागदावर नसेल तर ते संगीत नाही! विचार करा, आपले किती संगीतकार कागदावर चाल लिहीत होते? ते पेटीवर बसायचे, गायचे, सहायक पाठ करायचा. आणि कागदावर कोण उतरवायचं? तारदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंमध्ये गोव्याहून आलेली ख्रिश्चन मंडळी. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. वादकांसमोर स्टँडवर जो कागद असायचा, तो त्यांच्या हातचा. व्हायोलिन कुठे वर चढणार, दोन कडव्यांमधला पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, कुठला, बासरी कुठे थांबणार, ते बरंचसं त्यांनी बांधलेलं. गोन्साल्विस यांनी तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल शर्मांना व्हायोलिन शिकवलं. कायदा कागद मागत होता आणि कागद लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर क्वचितच दिसायचं. रॉयल्टीचा, म्हणजे गाणं वापरलं जाईल तसतसा मिळणाऱ्या वाट्याचा, तर प्रश्नच नव्हता. त्यांना रेकॉर्डिंगच्या शिफ्टचे पैसे मिळत.

तुम्ही पन्नास-साठच्या दशकातलं कुठलंही आवडतं गाणं मनात आणा. मुखड्याआधी जे वाजतं ते तुम्ही तोंडाने वाजवून दाखवाल. लग्नात लोक तेवढंच वाजलं तरी उठून नाचतात. ते कोणाचं?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका ऑर्गनवादकाने शेवटपर्यंत नेला. प्रोकोल हारम या बँडचं 1967चं एक अतिशय गाजलेलं गाणं आहे, त्याची ओळखच सुरुवातीच्या ऑर्गनवर आहे. वाजवणारा मॅथ्यू फिशर. कर्ते म्हणून नावं दुसऱ्या दोघांची. 2005मध्ये, म्हणजे 38 वर्षांनी, तो कोर्टात गेला. 2006मध्ये हायकोर्टाने संगीताच्या हक्कात त्याला 40 टक्के वाटा दिला, अपिलात त्याचे पैसे गेले, आणि 2009मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हायकोर्टाचा निर्णय पुन्हा कायम केला. मालकी सांगायला उशीर झाला म्हणून मालकी जात नाही, असं लॉर्ड्सचं म्हणणं. पण मागच्या 38 वर्षांचे पैसे त्याला मिळाले नाहीत. वाटा मोजला गेला दावा लावल्यापासून.

आपल्याकडे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर शब्दांचा आणि संगीताचा पहिला मालक निर्माता. त्या निकालातच न्या. कृष्ण अय्यर यांनी संगीतकाराबरोबर गायकालाही हक्क मिळायला हवा, असं स्वतंत्रपणे लिहून ठेवलं. गीतकार-संगीतकारांना न्याय मिळायला मात्र 2012ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर किती झगडले ते आपण पाहिलं आहे. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हक्क कोणाला लिहून देताच येत नाही. वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला देता येतो, बाकी कोणाला नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजलं तर रॉयल्टी नाही, पण इतरत्र जे मिळेल त्यात हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने वाटा. 'सगळे हक्क, सगळ्या काळासाठी, एकरकमी' असा कागद आजही मुलांपुढे येतो. त्यातला रॉयल्टी सोडल्याचा भाग कायद्यापुढे टिकत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. 28 एप्रिल 2023ला इथल्याच मुंबई उच्च न्यायालयात न्या. मनीष पिटाळे यांनी एफएम रेडिओलाही हेच सांगितलं : गाणं वाजवलंत तर गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला, आयपीआरएसला, रॉयल्टी द्यावी लागेल.

गायकांचं थोडक्यात सांगतो. साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब रॉयल्टीवरूनच दुरावले आणि काही वर्षं एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं म्हणणं, गायकालाही वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, पैसे घेतले, गायलो, हिशेब संपला. दोघंही प्रामाणिक होते. 2012च्या दुरुस्तीने गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला, म्हणजे लताबाई जे मागत होत्या त्याच्या दिशेने कायदा पन्नास वर्षांनी गेला.

पण हे सगळं आपल्या आणि बाहेरच्यांच्या मधलं, म्हणजे निर्माता, गाणी काढणारी कंपनी आणि रेडिओ यांच्याशी. दोघा मित्रांमध्ये काय? दोघांनी मिळून एकच चाल केली आणि कोणाचा भाग कुठला ते वेगळं काढता येत नसेल, तर कायदा दोघांनाही सहकर्ते मानतो. हक्क शेवटचा जिवंत कर्ता गेल्यानंतर 60 वर्षं राहतो. नुसती कल्पना दिली, 'इथे जरा दुःखी कर' म्हटलं, तर कर्ता होता येत नाही. आता मला सांगा, साडेअकरा वाजता, काकू ओरडत असताना, कोणी काय केलं हे कोण सांगणार?

आमच्या बाबतीत सांगितलं ते एका कॅसेटने. तीन वर्षांपूर्वी घर बदलताना मला त्या रात्रीची टेप सापडली. आम्ही सराव म्हणून बटण दाबून ठेवलं होतं. दुरुस्त करून घेतली आणि ऐकली. मुखड्याची चाल त्याची होती. अगदी स्वच्छ त्याची. मी नंतर शब्द बसवतोय आणि तो म्हणतोय, "नाही रे, इथे श्वास घे." मी अकरा वर्षं ज्या सुरांवर हक्क सांगत होतो, ते मी फक्त इतक्यांदा म्हटले होते की मला ते माझे वाटू लागले. पण पुढे, टेपच्या दुसऱ्या बाजूला, अंतऱ्याची, म्हणजे कडव्याची, पहिली ओळ मी गातो आणि तो पेटीवर ती शोधतो. ते त्यालाही आठवत नव्हतं.

मी टेप घेऊन त्याच्याकडे गेलो. दोघांनी बसून ऐकली. त्याची बायको चहा ठेवून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. चालीत त्याचे 75, माझे 25, असं आम्ही एका साध्या कागदावर लिहिलं, तारीख घातली, दोघांनी सही केली. संस्थेला तो कळवला आणि पैसे सुटले.

म्हणून मी शिकवणीला येणाऱ्या मुलांकडून एकच काम करून घेतो. गाणं झालं की त्याच रात्री, उठण्याआधी, फोनवरचं रेकॉर्डिंग दोघांच्याही फोनमध्ये ठेवायचं आणि एका कागदावर लिहायचं : शब्द कोणाचे, मुखडा कोणाचा, अंतरा कोणाचा, पीस कोणी बांधला, किती टक्के. पीस बांधणाऱ्याचं नाव लिहायचंच. मुलं लाजतात. म्हणतात, "सर, मित्रात कसं लिहायचं?" मी त्यांना आमची टेप ऐकवतो.

त्या कागदाच्या पन्नास प्रती मी आज आणल्या आहेत, बाहेर टेबलावर आहेत. मराठीत आहेत, एका पानाच्या. आणि मागच्या रांगेत, खांबाजवळ, माझा मित्र बसला आहे. चालीबद्दलचे प्रश्न त्याला विचारा.