विखुरलेल्या जागेची मोट

मित्रहो, एक डिस्क डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला २० जीबी मोकळे, मग ४० जीबीचं होम (वापरकर्त्याच्या फाइलींचा भाग) काठोकाठ भरलेलं, त्यापुढे रूट (खुद्द सिस्टिमचा भाग) आणि शेवटी पुन्हा ३५ जीबी मोकळे. जागा ५५ जीबी आहे, तरी होमला ती सगळी मिळत नाही. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या अशा प्रत्येक भागाला, सलग जागा लागते आणि मध्ये रूट ठाण मांडून बसलंय.

लिनक्सवर या अडचणीवरचा उपाय १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन यांनी लिहिला, एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. कल्पना साधी आहे. जागेचे सारख्या मापाचे तुकडे पाडायचे, नेहमीचं माप ४ एमबी. या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणतात. ते सगळे एका ग्रुपमध्ये जमा करायचे आणि त्यातून लागतील तेवढे उचलून व्हॉल्यूम, म्हणजे पार्टिशनसारखा वापरायचा भाग, बनवायचा. कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद ठेवली जाते. फाइल सिस्टिमला, म्हणजे फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, मात्र सलग जागाच दिसते.

आपल्या डिस्कवर दोन्ही मोकळ्या जागांची पार्टिशनं करा, त्यांवर पीव्हीक्रिएट ही एलव्हीएमसाठी जागा तयार करणारी आज्ञा चालवा, ग्रुप बांधा. सुमारे १४ हजार तुकडे हाती येतात. त्यांचा व्हॉल्यूम करून होममधला डेटा तिकडे कॉपी करा. जुनं होम भरल्या घरासारखं आत ओढता येत नाही, पीव्हीक्रिएट केलं की त्यावरचा डेटा गेलाच समजा. म्हणून कॉपी तपासा, बॅकअप घ्या, मगच ते पार्टिशन ग्रुपला जोडा. आता ९५ जीबी एकत्र झाले आणि रूटला धक्काही लागला नाही.

तुकडे विखुरलेले असल्याची चिंता नको. ४ एमबीचा तुकडा आतून सलगच असतो. चिंता दुसरीच आहे. उद्या दुसरी डिस्क जोडून व्हॉल्यूम दोन्हींवर पसरवलात, तर एक डिस्क गेली तरी अख्खा व्हॉल्यूम धोक्यात येतो. जागा जोडणं म्हणजे सुरक्षितता वाढवणं नव्हे, हे मी कळकळीने सांगतो. कुठला व्हॉल्यूम कुठल्या डिस्कवर आहे ते एलव्हीएस या आज्ञेला डिव्हायसेसचा रकाना मागून अधूनमधून बघा.

डिस्क कुरकुरायला लागली तर पीव्हीमूव्ह आहे, आणि मला ही सगळ्यांत मोलाची आज्ञा वाटते. व्हॉल्यूम वापरात असतानाच ती तात्पुरती जुळी प्रत करत तुकडे दुसऱ्या डिस्कवर नेते. मध्येच वीज गेली तर आज्ञेपुढे काहीही न लिहिता नुसतं पीव्हीमूव्ह पुन्हा चालवा, राहिलेलं काम पुढे सुरू होतं. मग व्हीजीरिड्यूस या आज्ञेने जुनी डिस्क ग्रुपबाहेर काढायची.

वाढवताना आधी व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टिम. कमी करताना नेमकं उलट, नाहीतर फाइल सिस्टिमची शेपटीच कापली जाते. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम लहान करण्याआधी अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम निवडलीत, तर पुढे लहान करता येईल या भरवशावर राहू नका.

तुकड्यांच्या नोंदींची प्रत ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखालच्या एलव्हीएम फोल्डरमध्ये साध्या मजकुरात असते. ती बहुधा त्याच डिस्कवर असते, म्हणून एक प्रत बाहेर, दुसऱ्या मशीनवर ठेवा.