चार वाजून अठरा मिनिटं

हे मनगटी घड्याळ चार वाजून अठरा मिनिटांवर अडकलंय. कॅमेरा जरा जवळ नेऊ. सेकंद काटा जागच्या जागी थरथरतोय, म्हणजे यंत्र शाबूत आहे. पुढच्या सेकंदावर पडायला जोर पुरत नाही, एवढंच. काही घड्याळं सेल संपत आला की चार-चार सेकंदांच्या उड्या मारून आधीच कळवतात. आपलं घड्याळ स्वस्तातलं, ते थेट थांबलं.

पालथं घातलं. झाकणाच्या कडेला एक खाच दिसते. बोथट पातं तिथे टेकवायचं आणि न ढकलता हलकेच पिरगळायचं.

टक्. हा आवाज आम्ही वाढवलेला नाही.

आत पांढरी प्लास्टिकची रिंग, तिच्या मधोमध यंत्र, आणि शर्टाच्या बटणाहूनही लहान सेल. रुंदी 6.8 मिलिमीटर, जाडी 2.6. पाठीवर कोरलंय 377. काही सेलांवर एसआर 626 एसडब्ल्यू लिहिलेलं असतं, सेल तोच. एलआर 626 याच मापाचा आणि स्वस्त मिळतो, पण तो अल्कलाइन. त्याचा विजेचा दाब हळूहळू उतरत जातो. चांदीच्या ऑक्साइडचा हा सेल मात्र 1.55 व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो.

आता सेलच्या शेजारी बघा. ही तांब्याची कॉइल, तार केसाहून बारीक. लोखंडी चिमटा इथे घसरला तर खेळ खलास, म्हणून आपला चिमटा प्लास्टिकचा.

आणि ही चंदेरी नळी. तिच्यात क्वार्ट्झचा दुबेळक्याच्या आकाराचा तुकडा आहे. वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. शेजारची चिप हा आकडा निम्मा करते, पुन्हा निम्मा, असं पंधरा वेळा. उरतो एक. त्या एका ठोक्यावर कॉइल इवल्याशा चुंबकाला अर्धा फेरा देते, चाकं फिरतात, काटा एक घर सरकतो. डिसेंबर 1969 मध्ये सेइकोचं अ‍ॅस्ट्रॉन, पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत छोट्या मोटारीएवढी होती. तेच तत्त्व आज एवढ्या स्वस्त डबीत बसलंय, आणि आपण ती डबी एका सेलपायी कचऱ्यात टाकतो.

क्लिप बाजूला केली, जुना सेल निघाला. नव्याला बोट लावायचं नाही, त्वचेचा तेलकटपणा संपर्क बिघडवतो. अधिकची खूण वर. क्लिप जागेवर.

(निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त टिकटिक.)

रबरी रिंग खोबणीत आहे ना, हे पाहून झाकण ठेवायचं. त्याची खाच चावीच्या दांड्यासमोर आली पाहिजे. मग दोन्ही अंगठे. नाही बसलं. पुन्हा नाही. हे फसलेले प्रयत्न आम्ही मुद्दाम कापले नाहीत. तिसऱ्यांदा बसलं.

इथून पुढे हे घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा. जुना सेल टेपमध्ये गुंडाळून बॅटऱ्यांच्या कचऱ्यात द्या. लहान मुलानं गिळला तर जीवावर बेततं.

चावी ओढली, काटा थांबला. वेळ लावली. आता खऱ्या सेकंदाची वाट बघायची, आणि दाबायची.