खाणीच्या रेल्वेवरून समुद्राकडे: ओहोस नेग्रोसचा सायकलमार्ग

श्रोतेहो, नमस्कार.

स्पेनच्या पूर्व भागात तेरुएल नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या ओहोस नेग्रोस गावाजवळ लोखंडाच्या खाणी होत्या आणि ते खनिज भूमध्य समुद्राकाठी, सागुंतोच्या धक्क्यावर पोचवायचं होतं. त्या भागातून एक रेल्वे आधीच धावत होती. पण भाड्याच्या दरावर एकमत होईना. मग रामोन दे ला सोता आणि एदुआर्दो आस्नार या बास्क उद्योजकांच्या कंपनीनं त्या रेल्वेला जवळजवळ समांतर अशी स्वतःची मीटर गेज रेल्वे टाकली, तीही दोनशे किलोमीटरची! १९०७ साली तिच्यावरून खनिज जाऊ लागलं, १९७२ मध्ये ती बंद पडली. तिच्याच मार्गावर आज सांता एउलालिया या गावापासून खाली समुद्राच्या दिशेनं सुमारे १६० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. स्पेनमध्ये अशा मार्गांना ‘विया वेर्दे’ म्हणतात. बंद रेल्वेमार्ग सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी खुले करण्याचं हे काम १९९३ पासून चालू आहे आणि आता त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढं गेली आहे.

रेल्वेमार्गावर सायकल चालवण्याचा मोठा फायदा म्हणजे चढ. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून शंभर मीटरमागं दोन, फार तर तीन मीटर चढ ठेवून डोंगराला वळसे घातलेले असतात. पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या पिशव्यांमध्ये, पंधरा किलो सामान असलं तरी असा चढ हलक्या गिअरवर बसल्या बसल्या चढता येतो. गाड्या नाहीत, हॉर्न नाही. पण जिथं गाड्या नाहीत तिथं चहाची टपरी नाही, पंक्चरवाला नाही आणि हात दाखवून थांबवावा असा टेम्पोही नाही. तेरुएल प्रांतात चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसं राहतात. त्यामुळं इथं पायांपेक्षा तयारीचा कस जास्त लागतो, आणि आज बोलायचं आहे ते त्या तयारीबद्दलच.

आधी दिशा. डोंगरातून समुद्राकडं जावं. सांता एउलालिया ते तेरुएल शहर तीसेक किलोमीटरचं अंतर आहे आणि ते बऱ्यापैकी सपाट आहे. खरा चढ तेरुएल सोडल्यावर लागतो. नऊशे मीटरवरून पुएर्तो दे एस्कांदोन या सुमारे बाराशे मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत विसेक किलोमीटर चढत जायचं. पुढं ला पुएब्ला दे वालवेर्दे, सार्रिओन, आल्बेंतोसा करत बार्राकासच्या पठारावर यायचं. तिथून मात्र जवळजवळ सत्तर किलोमीटर उतारच उतार. काउदिएल, हेरिका, नावाहास, सेगोर्बे या गावांवरून रस्ता खाली येतो, पाइनची झाडं मागं पडतात, बदाम आणि ऑलिव्ह सुरू होतात, मग संत्र्यांच्या बागा. उलट्या दिशेनं हाच मार्ग सामानासकट दिवसभर चढायचा म्हणजे हौसेचं काम.

वेळेचा हिशोब असा. खडीच्या वाटेवर, सामानासह, ताशी बारा ते चौदा किलोमीटर धरा. तीन दिवस पुरतात, चार असले तर सेगोर्बे आणि तेरुएल नीट बघता येतात. तेरुएलचे मुदेखार, म्हणजे इस्लामी कलेची छाप असलेल्या शैलीतले विटांचे मनोरे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, ते घाईत उरकू नयेत.

आता सायकल. नाजूक, अरुंद टायरची रेसिंग सायकल इथं कामाची नाही. पृष्ठभाग बहुतेक दाबलेल्या बारीक खडीचा, मध्येच डांबराचा आणि काही ठिकाणी पावसानं धुपून मोठे दगड वर आलेला असतो. चाळीस मिलिमीटरचं टायर उत्तम, पस्तीसच्या खाली उतरू नका. पंचाहत्तर किलोचा स्वार आणि मागं सामान असेल तर मागच्या चाकात पन्नासच्या आसपास आणि पुढच्यात चाळीस पीएसआय हवा ठेवून बघा. हवा जास्त झाली की सायकल खडीवर उड्या मारते, कमी झाली की टायर रिमवर आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. अशा जोडीच्या चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

काट्यांचं म्हणाल तर मराठी माणसाला इथला मुख्य शत्रू ओळखीचाच आहे: सराटा, म्हणजेच गोखरू. आपल्या शेताच्या बांधावर असतो तोच. उन्हाळ्याच्या शेवटी तो वाटेच्या कडेला सुकून पडलेला असतो. म्हणून फोटो काढायला थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नये, वाटेवरच उभी धरावी. ट्यूबलेस टायर असेल तर निघण्याआधी प्रत्येक चाकात साठ ते ऐंशी मिलिलिटर ताजं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरा, कारण कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत वाळून जातं. काटा काढला की भोक खालच्या बाजूला आणून चाक थोडा वेळ तसंच ठेवायचं, म्हणजे सीलंट तिथं साचून गोठतं. साधी ट्यूब असेल तर नवी घालण्याआधी टायर आतून कापडानं पुसत सगळीकडं चाचपा. कापड जिथं अडकेल तिथं काट्याचं टोक उरलेलं असतं. ते तसंच राहिलं तर नवी ट्यूब दहा मिनिटांत पंक्चर होते.

खडीवरच्या सततच्या थरथरीनं आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडं फार कमी लोक लक्ष देतात. कॅरियरचे बोल्ट सैल होतात. रोज संध्याकाळी चार आणि पाच मिलिमीटरची ॲलन की घेऊन कॅरियर, मडगार्ड आणि बाटलीचे स्टँड तपासा. पाच मिलिमीटर आट्यांचे दोन जादा बोल्ट आणि पाच-सहा झिप टाय जवळ असू द्या. सोबत दोन ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, मागच्या डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) आणि ब्रेक पॅडचा एक जोड ठेवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा निराळा असतो, तो गावातल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. तेरुएल सोडलं की सायकलचं दुकान शोधावंच लागतं.

पाऊस पडला तर लाल चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरायचं थांबतं. ढकलत राहिलात तर हँगर वाकतो. अशा वेळी माती काडीनं काढायची आणि सरळ शेजारचा एन-२३४ हा जुना महामार्ग धरायचा. ए-२३ हा मोठा महामार्ग झाल्यापासून त्यावरची वर्दळ बरीच ओसरली आहे. मात्र एकदा डांबरी रस्त्यावर आलात की तिथले नियम लागू. उजव्या बाजूनं चालवायचं, गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट हवंच.

पाण्याचं गणित सोपं आहे. पंचवीस-तीस अंशांत माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. तेरुएल ते ला पुएब्ला दे वालवेर्दे हे पंचवीसेक किलोमीटर चढाचे, सामानासह दोन-अडीच तास. म्हणजे दोन लिटर लागेल आणि तीन लिटर न्यावं, कारण मध्ये मिळेल याची खात्री नाही. गावातल्या चौकात ‘फुएंते’ म्हणजे पाण्याचा झरा किंवा नळ असतो. त्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर पिऊ नका. ‘सिन त्रातार’ असेल तर त्या पाण्यावर प्रक्रिया झालेली नाही असं समजा. गावकरी तेच पीत असतात, पण प्रवासात पोटाची परीक्षा कशाला?

जेवणाच्या वेळा हा आपल्या माणसांना सगळ्यात जड जाणारा विषय. दुपारचं जेवण दोन ते चार. चार वाजता स्वयंपाकघर बंद, ते रात्री साडेआठ-नऊपर्यंत. दुकानंही दुपारी दोन ते पाच बंद आणि रविवारी बहुतेक दिवसभर. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, केळी, बदाम घेऊन ठेवा. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागितलं की बारा-पंधरा युरोंच्या आसपास भरपेट जेवण मिळतं.

शाकाहारी मंडळींनी इथं डोळे उघडे ठेवावेत. नुसतं ‘सिन कार्ने’, मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. हॅम आणि मासा हे तिथं अनेकदा त्या हिशोबात धरतच नाहीत. ‘बेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये सुद्धा ट्यूना निघतो! म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ असं नावं घेऊन सांगायचं. अंडं चालत असेल तर ‘तोर्तिया दे पाताता’, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, जवळजवळ प्रत्येक बारमध्ये मिळतं. सार्रिओनचा परिसर काळ्या ट्रफलसाठी प्रसिद्ध आहे. जमिनीखाली उगवणारी ही बुरशी शाकाहारी आहे, खिशाला परवडणारी मात्र नाही.

हवामानात ठिकाणांची उंची विसरू नका. एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. मे महिन्यात सुद्धा हजार मीटरवर पहाटे पारा पाच अंशांपर्यंत उतरू शकतो. याच प्रांतातल्या कालामोचा इथं डिसेंबर १९६३ मध्ये उणे तीस अंशांची नोंद झाली होती. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ऊन भाजून काढतं आणि पठारावर वादळी ढग जमतात. बार्राकासचं पठार वाऱ्याचं. तिथं पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा असेल तर सपाटीवरही चढाचा गिअर लागतो, तेव्हा ते अंतर सकाळीच उरकावं.

बोगद्यांसाठी दिवा स्वतःचा असू द्या. काही ठिकाणी दिवे असतात, पण ते लागतीलच असं नाही. पुढं तीनशे ल्युमेनचा, मागं लाल. बोगद्याच्या तोंडाशी काळा चष्मा काढून दोन क्षण थांबा. आत अचानक गारवा असतो, जमीन ओली असते आणि समोरून चालत येणारा माणूस उजेडातून आलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

बार्राकासपासूनच्या उतारावर वेग आपोआप पंचवीसच्या वर जातो. तिथं घात होतो तो दोन जागी. एक म्हणजे खडीची वळणं. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना लावायचा, वळणात पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरलंच. दुसरी जागा रस्ता ओलांडण्याची. गाड्या शिरू नयेत म्हणून तिथं खांब रोवलेले असतात. हँडल त्यांच्यामधून निघतं, पण रुंद पॅनियर खांबाला अडकतात आणि सायकल आडवी होते. तिथं पाय टेकून, चालत निघा. जिथं जुना मार्ग महामार्गानं तोडला आहे तिथं वळणवाट घातलेली असते, ती मात्र रेल्वेच्या शिस्तीत नसते, आठ-दहा टक्क्यांचा चढ अचानक समोर येतो. गिअर आधीच हलका ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, रेंज सगळीकडं नाही. अडचणीत ११२ हा आणीबाणीचा नंबर फिरवा.

मुक्काम आधी ठरवावा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेगोर्बेमध्ये बैल आणि घोडेस्वारांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणं कठीण.

एवढं अंतर झेपेल का, अशी शंका असेल तर दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात ‘विया वेर्दे दे ला सिएर्रा’ करून बघा. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, ३६ किलोमीटर, तीस बोगदे आणि चार मोठे पूल. गंमत म्हणजे एवढं सगळं बांधूनही त्या मार्गावरून गाडी कधी धावलीच नाही. वाटेत साफ्रामागोनचा कडा आहे, ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत. दुर्बीण न्या.

परतीचं सांगतो. सायकलमार्ग संपल्यावर सागुंतोपर्यंतचं अंतर साध्या रस्त्यांनी कापायचं. तिथून वालेंसियाला लोकल गाड्या आहेत. लोकलमध्ये सायकल नेणं तुलनेनं सोपं. वालेंसिया, तेरुएल आणि सारागोसा जोडणाऱ्या गाडीत मात्र सायकलींना जागा मोजक्याच असतात, तेव्हा तिकिटाबरोबर सायकलचंही विचारून ठेवा. रुळांचं काम चालू असेल तर गाडीऐवजी बस सोडतात आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी स्टेशनवर एकदा चौकशी केलेली बरी.

नमस्कार.