सातबाऱ्यावरची 24 नावं

[दृश्य : डोंगरउताराचं रान. कमरेएवढं गवत, मधेच एखादं आंब्याचं जुनं कलम, ढासळलेला गडगा (दगडी बांध).]

कोकणातल्या कुठल्याही गावात सापडेल अशी ही वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. समजा, सातबाऱ्यावर क्षेत्र आहे 40 आर, म्हणजे जेमतेम एकरभर. हापूसची कलमं 10 बाय 10 मीटरवर लावली तर इथे 40 झाडं बसतील. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात नावं आहेत 24. माणशी दोन झाडंही येत नाहीत. त्यातले काही जण वारलेत, काही मुंबईत, काहींचा पत्ता गावात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून रान पडीक आहे.

देशात आर्थिक स्वातंत्र्य किती, हे मोजणारे अभ्यासक करांचा बोजा बघतात, चलनाची स्थिरता बघतात, व्यापारावरची बंधनं बघतात आणि मालमत्तेचा हक्क किती पक्का तेही बघतात. कोकणात हा हक्क सगळ्यात आधी येतो, कारण इथलं पैशाचं पीक झाडावर येतं. भात पावसाळ्यात लावलं की दिवाळीच्या सुमारास घरात. हापूसचं कलम मात्र हाती लागेल असं उत्पन्न द्यायला आठ-दहा वर्षं घेतं. तोवर खड्डे, गडगा, उन्हाळ्याचं पाणी, वणव्याची राखण, सगळा खर्चच. दहा वर्षांनी फळ आपणच काढणार याची खात्री नसेल, तर कोण कलम लावेल?

[दृश्य : अलिबाग तालुका, चरी गाव. खाडीकाठची भातखाचरं.]

हा प्रश्न इथे जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यात आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात खोत सरकारसाठी शेतसारा वसूल करायचा आणि जमीन कसणाऱ्या कुळाकडून खंड, म्हणजे जमिनीचं भाडं घ्यायचा. 1880 च्या खोती कायद्यात कायम कुळाचा हक्क वारसाला मिळायचा, पण खोताच्या संमतीशिवाय तो विकता येत नव्हता. जमीन कसायची, पण तिच्यावर स्वतःचा निर्णय नाही. 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी संप केला. सुमारे सहा वर्षं त्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. उपासमार सोसली. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि कसणारं कूळ मालक मानलं गेलं.

याच सुमारास तैवानने काय केलं ते बघण्यासारखं आहे. 1949 मध्ये खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या 37.5 टक्क्यांवर आणली, 1953 मध्ये कुळांना जमीन दिली आणि जमीनदारांच्या मोबदल्याचा 30 टक्के भाग चार सरकारी उद्योगांच्या शेअरमध्ये चुकता केला. शेतकऱ्याला मालकी आली आणि जमिनीत अडकलेला पैसा कारखान्यांकडे वळला.

आपल्याकडे मालकी आली, पण पुढच्या दोन-तीन पिढ्यांत वाटप कागदावर चढलंच नाही. पूर्वी खोताची संमती लागायची, आता 23 भाऊबंदांची लागते. बँक जमीन तारण घेताना सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते. फळबाग अनुदानाला इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. महामार्गात जमीन गेली आणि मोबदल्याच्या वाटणीवर वाद झाला, तर 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. पैसा मंजूर होऊनही हातात येत नाही.

[दृश्य : तलाठी कार्यालय. टेबलावर उतारे, जुने फेरफार.]

आता उतारा मोकळा कसा करायचा, ते पाहू. आधी आजचा सातबारा आणि 8अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा, आणि जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मागे मागे जात वाचा. उताऱ्यावर 'ए.कु.मॅ.' असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर आहे. तिच्या भावंडांचा हक्क त्या तीन अक्षरांमागे दडलेला असतो. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन खातेदाराचा पालक. तो 'अज्ञान' आज सत्तरीचा असला तरी शेरा तसाच राहिलेला असतो.

मग वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते, पण मधल्या प्रत्येक पिढीचा मृत्यूदाखला लागतो. इथेच बहुतेकांचं अडतं. उताऱ्यावर गंगूबाई, दाखल्यावर गंगाबाई. लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिने हिस्सा सोडायचा ठरवला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, साध्या कागदावरची सही चालत नाही. नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल, तर विक्रीआधी त्या कायद्याच्या कलम 43 चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नसल्याचा, शेरा बघा. खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (उताऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा सरकारला भरून मोकळं होता येतं. आकार इतका किरकोळ असतो की ही रक्कम सहसा जड जात नाही, तरी लोक वर्षानुवर्षं थांबून राहतात.

सगळ्यात अवघड काम वाटपाचं. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत वंशावळ, संमती आणि कोण कुठला तुकडा घेणार याचा कच्चा नकाशा. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्दीच्या खुणा, फेरफार आणि मग स्वतंत्र सातबारा. अडचण अशी, की उताऱ्यावर पोटहिस्सा असतो आणि नकाशात फक्त अख्खा सर्व्हे नंबर. कुणाचा तुकडा कुठे, हे वहिवाटीवरूनच ठरवावं लागतं. ते सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर सांगून घ्या. एक जण जरी अडला, तर दिवाणी दावा. न्यायालयाने हिस्से ठरवले तरी सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होतं, म्हणजे फेरा पुन्हा महसूल खात्याकडे.

[दृश्य : गणपतीचे दिवस. माजघरात माणसं दाटीने बसलेली.]

चाकरमानी चतुर्थीला घरी येतात. आरती झाली की उतारा आणि कोऱ्या कागदावर काढलेली वंशावळ सगळ्यांपुढे ठेवावी. आधार, दाखल्यांच्या प्रती आणि सह्या त्याच मुक्कामात घ्याव्यात. पाऊस ओसरला की मोजणीचा अर्ज. मोजणी झाल्यावर चारही कोपऱ्यांना दगड पुरायचे, आणि एप्रिलमध्ये पहिले खड्डे, एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल.