पिवळा फासा आणि साफ झालेली टाकी

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, आणि पलीकडं चंदगडात ज्यांचा रेडिओ लागतोय त्यांना पण नमस्कार. आज माशांवर बोलायचंय, पण खायच्या नव्हे, टाकीतल्या. तरी खायच्या माशांचं नाव मधे येणारच, आपण बेळगावकर म्हणजे चोर्ला घाटातून गोव्याचा मासा येईपर्यंत पिशवी घेऊन उभं राहणारी माणसं.

झालं काय, निपाणीचा एक पोरगा परवा घरी आला. कॉलेजात शिकतोय, खाऱ्या पाण्याची टाकी लावलीय, दोनशे लिटरची, आत दोन क्लाउनफिश आणि एक निळी डॅमसेल. चप्पल काढायच्या आधीच प्रश्न, "काका, लायनफिश घेऊ काय नको ओ? दुकानदार म्हणतोय विषारी आहे, एका रात्रीत टाकी साफ करतंय, त्यापेक्षा हा घे, गरीब आहे." आणि मोबाइलवर फोटो दाखवला. पिवळाधमक, अंगावर काळे ठिपके, चौकोनी, अगदी लुडोचा फासा. बॉक्सफिश. मला हसूच आलं, कारण बरोबर उलटं सांगितलेलं त्याला.

आता यात दुकानदाराची पण पूर्ण चूक नाही, घोळ आपल्या शब्दातच आहे बघा. आपण नागाला पण विषारी म्हणतो आणि कण्हेरीला पण विषारी म्हणतो. नाग चावल्याशिवाय काही करत नाही, कण्हेर खाल्ल्याशिवाय काही करत नाही. आणि तिसरी एक तऱ्हा आहे, खानापूरकडच्या जंगलातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ओढ्यात गेळाची फळं ठेचून टाकली की थोड्या वेळानं मासे उताणे होऊन वर येतात. तिथं कोण कुणाला चावत नाही, कोण काही खात नाही, पाणीच विषारी होतंय. टाकीतल्या बाकीच्या माशांना खरी भीती ह्या तिसऱ्या जातीची.

लायनफिश म्हणजे नाग. पाठीवर १३ काटे, पोटाखाली २, मागं ३, असे अठरा विषारी काटे, पण ते टोचले तरच. शिंगाळा साफ करताना ज्यांच्या हातात काटा गेलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, हात खांद्यापर्यंत ठणकतो. लायनफिशचं त्याहून भारी. टाकीत हात घालताना लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा, अर्धा तास तरी, उष्णतेनं ते विष मोडतं, आणि डॉक्टरकडं जायचंच, घरी हळद लावून बसायचं नाही. पण ते विष आपणहून पाण्यात सुटत नाही. शेजारचे मासे त्यानं मरत नाहीत. हां, नाहीसे होतात ती गोष्ट वेगळी, त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा.

मग केंड. गोवा मालवणकडं जाळ्यात आला की फेकून देतात तो, फुगणारा. तो कण्हेरीच्या जातीतला. त्याच्या कलेजीत, मादीच्या अंडाशयात आणि काही जातींच्या कातड्यात पण टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतंय, जपानात त्याच घराण्यातला मासा शिजवायला आचाऱ्याला लायसन लागतंय. पण टाकीत त्याला खाणार कोण? समुद्रातल्या मोठ्या माशांना पण हे कळतंय, इतकं की एक छोटा केंड आहे, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, आणि एक वेगळाच बिनविषारी फाइलफिश हुबेहूब त्याचा वेष घेऊन त्याच्याच भागात फिरतो, लोकांनी केंड समजून आपल्याला सोडावं म्हणून. केंड टाकीत त्रास देतो तो दातांनी, दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतो. विषानं नव्हे.

आता तो गरीब पिवळा फासा. ह्याच्या अंगावर खवले नसतात, षटकोनी हाडांच्या चकत्या एकमेकींना जोडून पेटीच झालेली असते, बाहेर फक्त डोळे, तोंड आणि पर. पळता येत नाही फारसं. (२००५ साली मर्सिडीजवाल्यांनी ह्याच्या आकारावरून एक गाडी करून दाखवली होती, आता पळता न येणाऱ्या माशावरून गाडी का ते त्यांनाच ठाऊक.) तर पळता येत नाही म्हणून घाबरला की कातडीतून चिकट पाणी सोडतो आणि त्यात विष. १९६४ साली थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानं ह्या ताणात सुटणाऱ्या विषावर लिहिलं, पुढं १९६७ ला हवाई विद्यापीठातल्या बॉयलन आणि शॉयर यांनी त्याची रचना काढली आणि नाव दिलं पाहुटॉक्सिन, तिथं तिथल्या बॉक्सफिशला पाहू म्हणतात म्हणून. आणि ते विष म्हणजे साबणाचा भाऊबंदच, एक टोक पाण्याला धरणारं, एक टोक तेलाला धरणारं. रिठ्याचा फेस कसा मळ सोडवतो तसं हे कल्ल्यांच्या नाजूक कातडीला लागतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, मासा पाण्यात असून गुदमरतो. गेळाच्या फळात पण फेस करणारं सॅपोनिनच असतंय. खानापूरचा ओढा आणि हवाईचा समुद्र, युक्ती जवळपास एकच.

समुद्रात हे चालून जातं, चिकटा सुटला की लाटेबरोबर पातळ होऊन गेला, तोवर मोठा मासा थुंकून पळाला. दोनशे लिटरच्या काचेत कुठं जाणार? आणि त्याला स्वतःला सुद्धा ते विष थोडंफार लागतंच, बाकीच्यांपेक्षा उशिरा एवढंच.

आता मी स्वतःवर येतो. माझ्याकडं होता एक, दीड इंचाचा, दोन वर्षं सांभाळला, काही झालं नाही. मग एका जुलैत, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, रात्री करंट गेला तो पहाटेपर्यंत आलाच नाही, इन्व्हर्टरची बॅटरी मी चार महिने बदलतो बदलतो म्हणत होतो. सकाळी टाकीत सगळे आडवे, फासा पण. घरी येईल तो म्हणायला लागला, त्या पिवळ्यानं मारलं, आणि मी पण वर्षभर तेच सांगत फिरलो, कारण माशावर ढकललं की बॅटरीचं कोण विचारत नाही. पण नीट आठवलं तर पंप बंद, कोमट पाणी, त्यात हवा आधीच कमी विरघळते, मासे गुदमरून मरायला तेवढं पुरतं. वर खारं पाणी ८.२ पीएचच्या आसपासचं, त्यात अमोनियाचा विषारी भाग ७ पीएचच्या साध्या गोड्या पाण्यापेक्षा दहापट तरी जास्त असतो, म्हणजे एक मेला की त्याच्या सडण्यानं दुसरा. फाशानं विष सोडलं असेलही शेवटी, मरताना सोडतातच. पण सुरुवात त्यानं केली असं मी आता म्हणणार नाही.

म्हणून सांगतो, बॉक्सफिश घरात आला की बाकीचे मेलेच असं नाही, वर्षानुवर्षं नांदणारे आहेत. त्याला घाबरवायचं नाही एवढंच, पण हे "एवढंच" फार मोठं आहे ओ. जाळीनं पकडायचा नाही, मगानं पाण्यासकट उचलायचा. ट्रिगरसारखा दांडगा मासा सोबत नको, पोरांनी काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते पिशवीचं पाणी! मुंबईहून नाहीतर गोव्याहून येताना घाटाच्या वळणांवर तासन्तास तो अर्ध्या लिटरात हिंदकळत येतो, घाबरायला आणखी काय पाहिजे, मग जे सुटायचं ते त्या पिशवीतच सुटलेलं असतं, आणि आपण प्रेमानं पिशवी टाकीत ओततो. ते पाणी मोरीत. मासा तेवढा आत.

चुकून सुटलंच तर लक्षण कळतंय, सगळे मासे एकदम वर येऊन तोंड मारायला लागतात, स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, फेसानं वाहतो. तेव्हा विचार करत बसायचं नाही, जे वाचतंय ते दुसऱ्या बादलीत, तयार खारं पाणी नेहमी एक डबा भरून ठेवलेलं असावं, अर्धं पाणी बदला, विष शोषणारा कोळसा, ॲक्टिव्हेटेड कार्बन, घाला. मिठाचं पाणी ऐनवेळी कालवू म्हणाल तर लिटरला ३५ ग्रॅम प्रमाणं मोजेपर्यंत खेळ संपतो.

अशाच तऱ्हेचे आणखी आहेत, सोपफिश म्हणून काळा पिवळ्या पट्ट्यांचा एक, नावातच साबण आहे. आणि समुद्रकाकडी, पंपात अडकून चिरडली की टाकी गेलीच. पण ती आपल्या देशात २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये घातली, वाघाच्या रांगेत, तेव्हा कोण विकायलाच आला तर घेऊ नका.

तर त्या पोराला मी म्हटलं, फासा मोठा होऊन दीड फुटाचा होतो, तुझी टाकी केवढी, बघ. त्यानं कुणाचं ऐकायचं नाही ठरवलेलं, लायनफिशच नेला. काल फोन, "काका, डॅमसेल मेली ओ, विषच असणार."

"मेलेली दिसली काय तुला?"

"नाही, दिसतच नाही कुठं."

"आणि लायनफिश?"

"तो मस्त आहे की. पोट जरा फुगल्यासारखं वाटायलंय."