दहा पॉइंट आठ मिलिमीटर

[काळा पडदा. धातूवर धातू घासल्याची बारीक करकर. मग टेबल, वरून पडलेला दिव्याचा उजेड, दोन हात.]

हा आवाज बरा नाही. फोकसची रिंग फिरवताना लेन्सने तोंडातून ब्र काढता कामा नये. ही आधी फिरतच नव्हती. ताईने हेअर ड्रायरने जरा शेकली, म्हणून निदान कुरकुरायला तरी लागलीय.

ज्युपिटर-8. छिद्र एफ-2 (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), फोकल लेंग्थ पाच सेंटिमीटर. हो, तेव्हा सेंटिमीटरमध्येच लिहायचे. कड्यावर दाराच्या चौकटीसारखं दिसणारं ते लाल अक्षर बघा. रशियन 'प'. काचेवर कोटिंग आहे, एवढाच त्याचा अर्थ. नंबर 57ने सुरू होतो, म्हणजे लेन्स 1957 सालची. आणि हा लोलक, त्यातून वाकून जाणारा किरण: मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचा शिक्का.

ही पुण्याच्या जुन्या बाजारात एका झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या तोंडावर घट्ट बसलेली मिळाली. त्या रविवारी आम्ही कॅमेरा नेला नव्हता, त्यामुळे बाजार दाखवता येत नाही. झोर्कीचा शटरचा पडदा फाटलेला होता. विकणारे काका म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतो." लेन्सबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि आम्हीही विषय काढला नाही.

[लेन्समधून टॉर्चचा झोत. काचेवर पांढऱ्या तंतूंचं जाळं.]

ही बुरशी. कपाटात, चामड्याच्या केसमध्ये, किती पावसाळे काढले असतील कुणास ठाऊक. चामड्याची केस म्हणजे बुरशीला आयतं माहेर. लेन्स त्यात जपून ठेवणारी माणसंच तिचा घात करतात.

ताई दिवसा जीएसटीची रिटर्न्स भरते. रात्री साडेनऊनंतर, जेवणाची भांडी आवरली की, या टेबलावर लेन्स उघडते. शिकली कुठे? यूट्यूबवर, आणि तीन लेन्स बिघडवून.

[जवळून: रबरी बूच कड्यावर दाबून फिरवणारा तळहात.]

हे सिंकचं बूच आहे. पुढचं कडं काढायचं विकतचं हत्यार मिळतं, पण याने ओरखडा पडत नाही. आतलं कडं मात्र याने निघत नाही. त्याला दोन खाचा असतात, त्यात दोन टोकांचा स्पॅनर बसवायचा. स्पॅनर निसटला तर थेट काचेवर जातो. म्हणून इथे ताई बोलत नाही. आम्हीही बोलत नाही.

[इथे सात सेकंद निवेदन नाही.]

सुटलं.

सगळे स्क्रू चहाच्या बशीत. आणि ही पातळ चकती बघा, पत्र्याची, कागदापेक्षा थोडी जाड. काचांचा संच किती पुढे-मागे बसायचा हे ही ठरवते. कारखान्यात कुणीतरी प्रत्येक लेन्सला मापून तिची तिची चकती घातली होती. ती हरवली तर दूरच्या डोंगरावर फोकस नीट लागत नाही.

आता मुख्य काम. फोकसच्या आट्यांमधलं जुनं वंगण वाळून मेणासारखं झालंय. लायटरचं पेट्रोल आणि जुना टूथब्रश. पण त्याआधी मार्करची एक रेघ. या आट्यांना एकच तोंड नसतं, बरीच असतात. वेगळे होताना ते नेमके कुठे सुटले याची खूण केली नाही, तर परत जोडताना एकेक तोंड लावून बघत बसावं लागतं. ताईची पहिली लेन्स अशीच गेली. दीड दिवस बसली होती, शेवटी डब्यात भरून ठेवून दिली. तो डबा अजून आहे. मागे फडताळात दिसतोय ना, तो निळ्या झाकणाचा.

[काच कापसावर. बाटलीतून थेंब.]

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, अर्धं-अर्धं. खिडकी उघडी ठेवून. चोळायचं नाही, मधून बाहेर फक्त फिरवत न्यायचं. जाळं निघतंय, बघा.

या काचांची मांडणी ज्युपिटरच्याही आधीची आहे. लुडविग बेर्टेले नावाच्या जर्मन अभिकल्पकाने झाइस या जर्मन कंपनीत सोनार लेन्स रचली. 1932 साली झाइसचा काँटॅक्स कॅमेरा आला, त्याबरोबर ती आली. काचेवर कोटिंग करण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. काच आणि हवा जिथे जिथे भेटतात तिथे थोडा प्रकाश परत उडतो आणि चित्र फिकं पडतं. बेर्टेलेने काचा एकमेकींना चिकटवूनच टाकल्या. सहा काचा, पण गट तीनच. म्हणजे हवेला भेटणारे पृष्ठभाग सहा. पुढे महायुद्ध झालं, जर्मनी हरली, आणि काँटॅक्सची यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. सोनारचं ज्युपिटर झालं. आपल्याकडे ती झोर्कीच्या तोंडावर बसून आली.

मग इतकी वर्षं ती वापरता का येत नव्हती? फिल्म धुणारे कमी झाले, हे एक. दुसरं कारण या दोन आकड्यांत आहे.

[आकृती: दोन रेघा, मध्ये माप.]

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. फोटोग्राफर लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते. 39 मिलिमीटरच्या या पेचाच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत, हे अंतर 28.8 मिलिमीटर. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधूनच बघता यावं म्हणून मधे आरसा आला आणि अंतर वाढलं: निकॉन एफला 46.5, कॅनन ईएफला 44. तिथे ही लेन्स लावायची तर ती आरशाच्या खोलीत आत ढकलावी लागेल. जमत नाही. मिररलेसने आरसाच काढून टाकला. सोनी ई माउंटचं अंतर 18. पूर्ण फ्रेमचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर असलेला सोनीचा ए-सेव्हन 2013मध्ये आला, आणि या लेन्सना अचानक घर मिळालं. 28.8 वजा 18.

[तळहातावर अॅडॅप्टर. त्यातून पलीकडची खिडकी दिसते.]

हे ते 10.8. लेन्स आणि कॅमेरा जोडणारा अॅडॅप्टर. आत काच नाही, तारा नाहीत, काही नाही. पोकळ नळी.

कॅमेऱ्याला मात्र पुढे लेन्स आहे हे कळतच नाही. मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही शटर उघड' असं सांगावं लागतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, असेल तर फोकल लेंग्थचा 50 मिलिमीटर हा आकडाही हाताने भरायचा. ताई दर वेळी विसरते.

एक गोष्ट मात्र झोर्कीपेक्षा इथे चांगली होते. झोर्कीत फोकस शेजारच्या खिडकीतून, एका दांडीच्या भरवशावर लागायचा. दांडीचं माप जरा चुकलं की नाकावर धरलेला फोकस कानावर. सोव्हिएत लेन्स जर्मन लायका कॅमेऱ्याच्या बॉडीवर लावणाऱ्यांची ही कायमची तक्रार. इथे लेन्स जे बघते तेच पडद्यावर. चित्र मोठं करा, पापणीचा केस दिसेपर्यंत रिंग फिरवा. दांडीचा प्रश्नच मिटला.

[रिंग फिरते. आवाज नाही.]

ऐकू आलं? नाही ना. तेच ऐकवायचं होतं.

[महात्मा फुले मंडई, सकाळ.]

1886ची इमारत, उंच छत, वरून तिरपा उजेड. एफ-2वर मधला टोमॅटो धारदार, आणि कडेला सगळं विरघळत गेलेलं. मधले मागचे दिवे गोल राहिलेत, कारण एफ-2वर छिद्र पूर्ण उघडं आहे. कॉन्ट्रास्ट कमी आहे. हे कोथिंबिरीचं ढीगभर हिरवं आजच्या लेन्सने टोचलं असतं. आता उजेडाकडे तोंड केलं, आणि निम्मी फ्रेम धुऊन निघाली. हा दोषच आहे, आम्ही तो ठेवलाय. छिद्र लहान करून एफ-5.6ला हीच लेन्स शहाण्यासारखी वागते, पण ते फोटो ताईला आवडत नाहीत.

एक सांगायला हवं. रुंद कोनाच्या जुन्या लेन्स घेताना जपून. त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, सेन्सरवरच्या जाड काचेतून किरण तिरपे घुसतात आणि कोपरे फाटल्यासारखे दिसतात. 35 मिलिमीटरची ज्युपिटर-12 तर काही बॉडींत आत टेकूही शकते. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. आणि हौशी वाढले तशा किमतीही वाढल्या. असो.

तुमच्या घरात माळ्यावर, बाबांच्या कपाटात, चामड्याच्या केसमध्ये असा एखादा कॅमेरा असेल, तर निदान ती केस उघडा. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर, मंद आचेवर भाजून घ्या. ताई पोळ्या झाल्यावर त्याच तव्यावर भाजते. आजीला ते मुळीच पटत नाही.

[आजी, खिडकीपाशी. 1957ची लेन्स, एफ-2. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, तव्याकडे बघतेय.]

आजी, इकडे.

[फोटो. शेवटपर्यंत निवेदन नाही. स्वयंपाकघरातला आवाज चालू ठेवा.]